मागची पेटी

श्रीरामपूर,
मंगळवार, दि. १९ जानेवारी १९९९

प्रिय दीपा,

तुला आणि नितीनरावांना प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. सातवा महिना लागला, पायांवर सूज नाही, डॉक्टरीणबाई समाधानी आहेत, हे वाचून प्रभूचे आभार मानले. पण शेवटच्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या असतील, सांगता येत नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यायचं ही आपली रीत, तरी तू मिरजेलाच थांबणार म्हणतेस. अण्णांना तू घरात नको आहेस हे तुला कळतं, का नको ते कळत नाही, असं तू लिहिलंस. आठ महिन्यांत तू त्यांना सात पत्रं टाकलीस आणि उत्तर एकाचंही आलं नाही. नाताळात दोन दिवस आलीस, तर दोन्ही दिवस ते कानावरचं यंत्र काढून वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. माझं काय चुकलं, असं तू विचारतेस. तुझं काही चुकलं नाही, दीपा. हे आधीच लिहून टाकते. तुला बाळंतपणाला इथेच यायचं आहे, आणि आजवर ते का अडलं हे मी पहिल्यापासून सांगणार आहे. त्यातलं बरंच तुला माहीत आहे, काही तर तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस. तरी काही न गाळता ओळीने लिहिते, कंटाळू नकोस. तुझ्या अकरावीच्या वहीतले कोरे कागद उरले होते, ते दोन्ही बाजूंनी वापरते आहे. शाई पलीकडे उमटली तर सांभाळून घे.

तुझ्या अण्णांनी बावीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवली. शाळेत कारभारी मास्तर म्हणून जेवढी ओळख, त्याहून जास्त ओळख पेटीमुळे. घरातली पेटी त्यांनी एका मोडलेल्या तमाशाच्या फडाकडून घेतली होती. तू तेव्हा रांगत होतीस. तमाशातली वस्तू प्रार्थनेच्या घरात नको म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. ते हसून म्हणाले, सुराला काय ठाऊक आपण कुठे वाजलो ते. मग भात्याला नवं कातडं लावलं आणि पट्ट्या स्पिरिटने पुसून काढल्या. तू पाच वर्षांची झालीस तशी तुला मांडीवर घेऊन बसायचे. पट्ट्यांवर पंचा टाकायचे आणि म्हणायचे, बघू नकोस, बोटांना घर पाठ होऊ दे. पंचा घसरला की तू चोरून बघायचीस आणि ते तुझ्या डोळ्यांवर हात ठेवायचे. मला स्वयंपाकघरातून कधीकधी कळायचं नाही, तू वाजवते आहेस की ते. एकदा मी ते बोलून दाखवलं तर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी माझ्या हातून बाजाराची पिशवी घेतली. नाहीतर पिशवी कधी धरायचे नाहीत, बोटांना वळ पडतात म्हणायचे.

त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांना मेंदूज्वर झाला. अकरा दिवस दवाखान्यात होते. ताप उतरला, घरी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले आणि मला म्हणाले, आज गिरणी बंद आहे का गं? भिंतीपलीकडे शेखभाईंची पिठाची गिरणी धडधडत होती. ताकात घुसळणी होती तशीच धरून मी त्यांच्याकडे बघत राहिले. मी काहीतरी बोलले, ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. तू परीक्षेचा अर्ज भरायला गेली होतीस. तू परत आलीस तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो होतो आणि गिरणी चालूच होती. नगरच्या, पुण्याच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं की आतल्या नसा गेल्या, साध्या यंत्राने काही होणार नाही. मग तुझी लहानपणची पाटी माळ्यावरून काढली. तेव्हापासून चार वर्षं या घरात जे काही त्यांना कळलं ते त्या पाटीवरून कळलं, आणि पाटीवर बहुतेक मी लिहायचे. हे लक्षात ठेव.

शाळेत ते पाढे म्हणून घेऊ शकेनात. हेडमास्तरांनी त्यांना हजेरीपत्रकांचं काम दिलं. वर्गातून उठून ऑफिसातल्या कोपऱ्यात बसणं त्यांना फार लागलं. पेटी मात्र सोडली नाही. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्याच रविवारी जाऊन व्यासपीठाखाली आपल्या जागी बसले. पहिले काही महिने निभावलं, कारण बोटांना घर पाठच होतं. पण गाणारी माणसं कुठे थांबली, कुठे लांबवलं, हे त्यांना कळेना. तबल्यावरचे आप्पासाहेब डोळ्यांनी, मानेने खुणा करायचे, तरी ते एक कडवं पुढे निघून जायचे. आणि मग चौऱ्याण्णवच्या जूनमधला तो रविवार. पेटीची एक पट्टी दबली ती वर आलीच नाही. तो एकच सूर अख्ख्या गीतभर ओरडत राहिला. म्हाताऱ्यांनी गायचं थांबवलं. मागच्या बाकांवरची तरुण पोरं तोंडावर रुमाल धरून हसत होती. अण्णांनी वर पाहिलं, त्यांना ती हसरी तोंडं दिसली, आणि तेही हसले. मान हलवून हसले, तुम्हाला आवडलं ना, अशा अर्थाने. तू माझ्या शेजारी होतीस. तू माझा हात इतका दाबलास की बांगडी पिचली.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब आपल्या घरी आले, बरोबर आप्पासाहेब आणि मंडळीच्या पंचांपैकी दोघं. अण्णा तिथेच, खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. पाळकसाहेब म्हणाले की मास्तरांची सेवा मोठी, पण उपासनेत असं चालायचं नाही, दुसरा वाजवणारा बघावा लागेल. शेजारची छबूबाई दारात उभी होती, ती कुणी न विचारता आत आली आणि म्हणाली, बसू द्या की ओ मास्तरला, आमी काय गाणं ऐकायला येतो व्हय, आमी आपलं रडायला येतो, त्याला सूर कशाला लागतोय. आप्पासाहेब म्हणाले, छबूबाई, तू रडतीस तेबी बेतालच. सगळे हसले. आणि त्या हसण्यात मी बोलले. मी म्हणाले, त्यांना तिथेच बसू द्या. पुढचा माईक बंद ठेवा. बाजूच्या खोलीत दुसरी पेटी ठेवा, तिथे आमची दीपा वाजवेल, माईक तिला द्या. कर्ण्यातून तिचं वाजेल, ह्यांच्या पेटीचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जाणार नाही. पाळकसाहेबांनी अण्णांकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, मास्तरांना सांगणार कोण? मी म्हणाले, सांगायचंच कशाला. त्याच वेळी अण्णांनी खिडकीतून वळून विचारलं, कसली बैठक चाललीय? मी पाटी घेतली आणि लिहिलं, हंगामाच्या सणाची तयारी. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, यंदा चर्चच्या लिलावात भोपळ्याला चांगली बोली लागू दे.

तू नाही म्हणालीस. हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि तू स्पष्ट म्हणालीस, अण्णांना फसवून मी पेटीला हात लावणार नाही, त्यांना खरं काय ते लिहून दाखवू, ते समजून घेतील. तीन दिवस तू हट्ट धरलास. चौथ्या दिवशी मी तुला शेगडीपुढे बसवून सांगितलं की शाळा गेली, आता चर्चही गेलं तर ते अंथरूण धरतील, आणि त्याचं ओझं तुझ्या डोक्यावर राहील. आईने मुलीला असं म्हणू नये. तू रडत रडत कबूल झालीस. जाताना एवढंच म्हणालीस की आई, त्यांना कधीतरी कळलं तर? मी म्हणाले, ज्याला ऐकू येत नाही त्याला कसं कळेल.

मग पावणेचार वर्षं ते चाललं. रविवारी तू लहान मुलांचा वर्ग घेतेस असं अण्णांना सांगितलं होतं, आणि तू तो खरोखरच घ्यायचीस, तो संपवून त्या खोलीत जायचीस. दार बोटभर उघडं, शेजारी ॲम्प्लिफायर, समोर भिंत. बाहेर अण्णांसमोर माईक तसाच उभा, त्याची वायर तशीच आत गेलेली. अण्णांना पेटीच्या लाकडातली थरथर बोटांना आणि मांडीला लागायची, तेवढी त्यांना पुरायची. मंडळीतली दोनशे माणसं, पण एकानेही कधी चुकूनसुद्धा तोंड उघडलं नाही. भांडणं झाली, दोन घरांचा एकमेकांशी सलाम बंद झाला, पण ही गोष्ट कुणी बाहेर काढली नाही. घरी आल्यावर अण्णा कोट काढता काढता विचारायचे, आज कसं झालं? मी पाटीवर लिहायचे, छान. कधी फार छान. एकदा म्हणाले, कान गेले ते एका परीने बरंच झालं, आता बाहेरचं काही आत येत नाही, वाजवतो तेव्हा सगळी पेटी डोक्यात स्वच्छ ऐकू येते, पूर्वी कधी येत नव्हती इतकी. तू तेव्हा ताटं मांडत होतीस. तू हातातलं ताट ठेवून परसात गेलीस आणि जेवायला आली नाहीस. मी त्यांना लिहून दिलं, तिचं पोट दुखतंय.

सत्त्याण्णवमध्ये मुंबईच्या ऑपरेशनचं कळलं. कानाच्या आत तार बसवतात, वरून यंत्र लावतात आणि बहिऱ्या माणसाला ऐकू येतं. खर्च ऐकून मी वर्तमानपत्राचं ते पान घडी करून ठेवून दिलं होतं, पण तू ते आप्पासाहेबांना दाखवलंस. अण्णांनी नोकरीचा राजीनामा दिला, फंड मिळाला, माझ्या वाटणीचं माहेरचं पाऊण एकर गेलं, मिशनच्या परदेशातल्या लोकांनी मोठा वाटा उचलला. आणि हंगामाच्या सणाला मंडळीने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. छबूबाईची एक कोंबडी लिलावात पाच वेळा विकली गेली. जो घ्यायचा तो पैसे भरून पुन्हा लिलावात ठेवायचा. शेवटी छबूबाई ओरडली, अरं सोडा तिला आता, भ्यायली ती, अंडं द्यायची न्हाई वर्षभर. अण्णा पेटीशी बसून ते बघत होते आणि हात जोडत होते. भगिनी मंडळाचा हिशेब मी ठेवते, ती रक्कम मी लिहिली तेव्हा आकडा नीट येईना. माझ्या मनात येत होतं की हे सगळे लोक त्यांच्या कानासाठी देतात, आणि हेच सगळे लोक दर रविवारी त्यांच्या कानामागे गप्प बसतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुंबईच्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं होतं, तू तेव्हा औषधं आणायला खाली गेली होतीस. ते म्हणाले, बोलणं हळूहळू कळू लागेल, पण गाण्याचं काही सांगता येत नाही. पुष्कळांना यंत्रातून सूर कळत नाहीत. मास्तर वाजवणारे आहेत तर त्यांना हे नीट समजावून सांगा आणि मगच सही घ्या. मी पाटीवर लिहिलं, बोलणं कळू लागेल. तेवढंच लिहिलं. पुढचं लिहिलं असतं तर त्यांनी सही केली नसती, हे मला माहीत होतं. आणि चार वर्षांत माझ्या हाकेला ते कधी वळले नव्हते, दीपा. ते बोलायचे, पण मी बोललेलं कुणी ऐकत नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या जानेवारीत यंत्र चालू केलं. खिशात डबी, तिच्यातून वायर वर कानापर्यंत, आणि डोक्याला चिकटणारी ती चकती. पहिल्या दिवशी ते म्हणाले, सगळीकडे कुणीतरी पत्रे ओढतंय. तुझा आवाज कोंबडीच्या पिलासारखा वाटला, माझा तर त्यांना ओळखूच येईना. महिन्याभरात शब्द सुटे होऊ लागले. चहा, भाजी, दार लाव. मी मागून हाक मारली आणि ते वळले, त्या दिवशी मी गुडघे टेकून प्रार्थना केली. पण त्याच आठवड्यात त्यांनी घरातली पेटी उघडली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबत गेले. पुन्हा उलटे आले. जेवण गार झालं तरी उठेनात. शेवटी मला म्हणाले, वरची कोणती आणि खालची कोणती, मला कळत नाही. सगळा खडखडाट आहे. मी म्हणाले, यंत्र काढून वाजवा पूर्वीसारखं. त्यांनी काढून पाहिलं. म्हणाले, आता डोक्यातही तो खडखडाटच ऐकू येतो. कान गेले होते तेव्हा पेटी गेली नव्हती, ती आता गेली. त्यांनी झाकण लावलं. मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं तेव्हाही सांगितलं नाही.

तरी रविवारी ते जाऊन बसत राहिले, कारण मंडळीने एवढं केलं, आता वाजवणार नाही कसं म्हणायचं, असं त्यांना वाटे. आणि आपण मागची पेटी बंद केली नाही, कारण त्यांना सूर कळत नाहीत म्हणजे काही कळणार नाही, असं आपल्याला वाटे. पण आवाज आहे की नाही, एवढं त्यांना कळत होतं. तो ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. तुला आतून दिसत नव्हतं म्हणून लिहिते. तिसरं कडवं संपलं, गाणारे थांबले आणि मधल्या जागेत नुसते पेटी-तबला वाजू लागले. तेवढ्यात अण्णांच्या खिशातली वायर भात्याच्या घडीत अडकली. त्यांनी भाता सोडला, दोन्ही हात उचलून वायर सोडवू लागले. आप्पासाहेबांनी ते पाहिलं आणि घाबरून तबल्यावरचा हात आवरला. आणि त्या शांततेत पेटी वाजत राहिली. तू आत किती सुंदर वाजवत होतीस! अण्णांचे हात हवेत तसेच राहिले. त्यांनी आधी हातांकडे पाहिलं, मग माईककडे, मग वायर जिथे आत जाते त्या दाराकडे. मग त्यांनी मंडळीकडे पाहिलं. दोनशे माणसांनी खाली माना घातल्या. बायकांच्या तिसऱ्या ओळीत मी होते, मीही घातली. नंतर चौथं कडवं सुरू झालं तेव्हा त्यांनी हात पट्ट्यांवर ठेवले आणि शेवटपर्यंत बोटं हलवत राहिले. भात्याला हात लावला नाही.

घरी आल्यावर तू लग्नाचे ब्लाऊज टाकायला रतनबाईंकडे गेलीस. मी दार लावलं. त्यांनी कोट काढला नव्हता. त्यांनी विचारलं, कोण वाजवत होतं? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तिला तिथे कुणी बसवलं? दीपा, मी म्हणाले, तिचं तिनेच ठरवलं, पाळकसाहेबांशी बोलून, मला मागाहून कळलं. विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणणार नाही. वेळ होता. ते माझ्या ओठांकडे बघत थांबले होते. माझ्या मनात आलं की दीपा महिन्याभरात सासरी जाणार. तिच्यावरचा राग मिरजेला जाईल, माझ्यावरचा याच घरात राहील. घरात वस्तू कमी पडल्या की कुठली टिकवायची आणि कुठली सोडायची हे मी जसं ठरवते, तसं मी ते ठरवलं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, बाकीच्यांनी दया केली, ते मी समजू शकतो. पण तिला मी शिकवलं होतं. तिने मला एकदा सांगायचं होतं. तू संध्याकाळी परत आलीस तेव्हा मी तुला सांगितलं की यंत्राच्या आवाजाने अण्णांचं डोकं दुखतं, ते आता वाजवणार नाहीत, तूही लग्नाच्या गडबडीत आहेस, पाळकसाहेब दुसरी व्यवस्था करतील. तुला बरंच वाटलं. सुटल्यासारखा चेहरा झाला होता तुझा.

लग्नात ते चकती काढून बसले होते. तू पाया पडायला वाकलीस तेव्हा त्यांनी हात वर केला, डोक्यावर ठेवला नाही. लेक जाणार म्हणून मन घट्ट केलंय, असं मी तुझ्या सासूबाईंना सांगितलं. तेव्हापासून रविवारी ते घरीच असतात. मी एकटी जाते. तुझं पत्र आलं की मी टेबलावर ठेवते, ते पाकिटावरचं अक्षर बघतात आणि उठून फिरायला जातात. मी त्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा दिवाळीच्या आधी, एकदा या शनिवारी तुझं पत्र वाचल्यावर. पण मी तुझं नाव घेतलं की त्यांचा हात वर जातो आणि ते चकती काढून डबीशेजारी ठेवून देतात. मग ओठांकडेही बघत नाहीत. शनिवारी मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते हलकेच सोडवून घेतलं आणि म्हणाले, तू तिची बाजू घेऊ नकोस, तू तरी मला खोटं सांगितलं नाहीस. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी होती.

आता या पत्राचं. तुला माहीत असलेलं मी एवढं विस्ताराने का लिहिलं, ते तू ओळखलं असशील. पाकिटावर तुझं नाव आहे, पण मी ते चिकटवणार नाही. पोस्टाची कामं तेच करतात, उद्या सकाळी फिरायला निघाले की मी हे उघडं पाकीट त्यांच्या हातात देणार आहे आणि वर एक चिठ्ठी लावणार आहे, वाचून मग चिकटवा. बोललेलं ते थांबवू शकतात, लिहिलेलं वाचल्याशिवाय राहणार नाहीत, मास्तर आहेत. वाचून त्यांना हे फाडून टाकावंसं वाटलं तर मी काही म्हणणार नाही, आणि तुला यातलं काहीच कधी कळणार नाही. पण हे तुझ्या हातात पडलं तर समज की त्यांना सगळं कळलं, पैठणच्या मावशीलासुद्धा जे सांगितलं नाही ते डॉक्टरांचं बोलणंही कळलं, आणि कळल्यावर त्यांनी स्वतः जाऊन ते पेटीत टाकलं. मग उत्तराची वाट बघू नकोस. नितीनरावांना सांगून फेब्रुवारीतलं तिकीट काढ. पाकीट आल्या दिवसापासून घर तुझ्यासाठी उघडं आहे. माझ्यासाठी ते कसं आहे, हे आल्यावर मला विचारू नकोस.

तुझीच,
आई